वजनकाट्यावर न चढलेली दोन वर्षे

करोनाच्या काळात घराघरांतली मुले जाड झाली. मग स्वमग्न मुलांच्या वजनावर वेगळे पुस्तक कशाला? हे पुस्तक हातात घेणाऱ्या अनेकांच्या मनात हा प्रश्न येईल आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर पुढच्या प्रकरणांत ठिकठिकाणी विखुरलेले आहे. ते एका जागी मांडावे, एवढ्यासाठी हा प्रस्तावनेचा प्रपंच.

आधी सगळ्याच मुलांचे पाहू. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २ ते १९ वर्षे वयाच्या ४,३२,३०२ मुलामुलींच्या नोंदी तपासल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. बीएमआय वाढण्याचा वेग महासाथीत आधीच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये लठ्ठ मुलांचे प्रमाण १९.३ टक्के होते, ते वर्षभरात २२.४ टक्क्यांवर गेले. इंग्लंडमध्ये शाळेत दाखल होणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांची दरवर्षी मोजणी होते. तिथे २०१९-२० मधले ९.९ टक्के पुढच्या वर्षी १४.४ झाले. पण त्याच्या पुढच्या वर्षीचा आकडा पाहा : १०.१. शाळा उघडल्या, मैदाने उघडली आणि या वयोगटातले प्रमाण जवळपास पहिल्या जागी आले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांत ते २१ वरून २५.५ वर गेले आणि २३.४ पर्यंतच खाली उतरले, म्हणजे अर्धेच. शिवाय ही मोजणी सर्वसाधारण शाळांतली. विशेष शाळांतली मुले त्या अहवालात धरलेली नसतात. आपल्या विषयाची मुले नेमकी या न धरलेल्यांत मोठ्या संख्येने आहेत.

स्वमग्न मुलाला नवी सवय लावणे अवघड असते, हे बाहेरच्यांनाही ठाऊक असते. लागलेली सवय सोडवणे किती अवघड, हे फक्त त्याच्या घरच्यांना ठाऊक असते. मार्च २०२० मध्ये या मुलांचे जुने वेळापत्रक एका रात्रीत मोडले. शाळा नाही, थेरपी नाही, व्हॅनवाले काका नाहीत, बाग नाही. का नाही, हे समजेल अशा भाषेत सांगायलाही कोणी नाही. त्या धक्क्यातून मुले सावरली ती नवे वेळापत्रक बांधून. आणि चार भिंतींच्या आत बसून बांधता येण्याजोगे वेळापत्रक मुख्यतः खाण्याचे आणि पडद्याचे असते. पुढे शाळा उघडल्यावर इतर मुलांनी ते सहज टाकून दिले. यांनी टाकले नाही. या पुस्तकाचा सगळा विषय या एका फरकात आहे.

एका अकरा वर्षांच्या मुलाचे सांगतो. टाळेबंदीच्या आधी शाळेची व्हॅन त्याला साडेचारला सोसायटीच्या फाटकाशी सोडायची. तिथून आजोबांचा हात धरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायचे, वेफर्सचे एक छोटे पाकीट घ्यायचे आणि तीन जिने चढून घरी यायचे. व्हॅन बंद झाली, चालणे गेले, जिने गेले. उरले ते साडेचार आणि वेफर्स. दुकान बंद राहील या धास्तीने घरात मोठी पाकिटे भरून ठेवलेली. आरडाओरडा थांबवायला एकदा सकाळीही दिले, एकदा रात्रीही दिले. महिन्याभरात साडेअकरा, साडेचार आणि साडेआठ अशा तीन वेळा पक्क्या झाल्या. पुढे व्हॅन पुन्हा सुरू झाली, पण तिन्ही वेळा जशाच्या तशा राहिल्या. त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, आम्ही जेवायला उशिरा बसलो तर चालतं त्याला. पाकिटाला पाच मिनिटं उशीर झालेला चालत नाही." या घरात कोणी खादाड नव्हते आणि कोणी निष्काळजीही नव्हते.

काळ किती लांबला तेही आठवावे. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडायला १५ डिसेंबर २०२१ उजाडले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ओमायक्रॉनमुळे ते पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारी २०२२ ला परत उघडले. उघडणे, बंद होणे, पुन्हा उघडणे हे स्वमग्न मुलासाठी सलग बंद राहण्यापेक्षाही वाईट, असे माझे मत आहे. दर वेळी त्याला नव्याने सावरावे लागते आणि सावरायला हाताशी असते ते खाणे.

खाण्याचा प्रश्न मात्र करोनाने निर्माण केलेला नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वमग्नता ही वेगळी अवस्था म्हणून वैद्यकात आली. त्या पहिल्या लेखातही खाण्याच्या तक्रारी आहेत. बाहेरचे जग मुलाच्या आयुष्यात सगळ्यात आधी शिरते ते अन्नाच्या रूपाने, आणि ही मुले ते जग अन्न नाकारून लांब ठेवतात, असे कॅनर यांना वाटले होते. आज आपण ते संवेदनांच्या भाषेत सांगतो. वास, रंग, स्पर्श, दातांखाली येणारा आवाज या मुलांना फार तीव्रतेने जाणवतो. पोळीवर काळा डाग नको. भातात वरण कालवलेले नको, शेजारी चालेल. फोडणीतली एक मोहरी जिभेला लागली की ताट बाजूला.

अशा मुलाला पाकिटातले खाणे का आवडते, याचे उत्तर चवीपेक्षा नेमकेपणात आहे. आईच्या हातची भेंडी रोज थोडी वेगळी होते. कधी कोवळी, कधी जून, कधी मीठ जरा जास्त. कारखान्यातला वेफर सोमवारी जसा लागतो तसाच शुक्रवारी लागतो आणि त्याचा आवाजही तोच येतो. ज्याला जग सतत अनपेक्षित वाटते, त्याला हा मोठा दिलासा आहे. टाळेबंदीत घरात काय भरले गेले तेही पाहा. त्या पहिल्या महिन्यांत पार्ले-जीची विक्री आठ दशकांतली विक्रमी झाल्याचे खुद्द कंपनीने सांगितले होते. बिस्किटे, नूडल्स, फरसाण या टिकणाऱ्या, चटकन मिळणाऱ्या वस्तू सगळ्यांनीच साठवल्या. इतर मुलांनी त्या खाऊन कंटाळून सोडल्या. कंटाळा येणे हीसुद्धा एक देणगी आहे, हे या मुलांकडे पाहून कळते.

आणखी एक गोष्ट आम्हा उपचार करणाऱ्या मंडळींना अडचणीची आहे, म्हणून ती सहसा बोलली जात नाही. वर्तनावर काम करणाऱ्या थेरपीत मुलाने सांगितले ते केले की लगेच बक्षीस द्यायचे, ही रीत जुनी आहे. बक्षीस म्हणजे टाळी, फुगे, झोका काहीही असू शकते. व्यवहारात ते फार वेळा जेम्सची गोळी किंवा चिप्सचा तुकडा असते, कारण त्याचा परिणाम तत्काळ दिसतो. थेरपिस्टकडे हे आठवड्यातून दोन-तीन तास चालायचे. करोनात थेरपी मोबाइलच्या पडद्यावर आली आणि थेरपिस्टच्या जागी आई बसली. मुलाला लॅपटॉपसमोर बसवण्यापासून ते दात घासण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला खाऊचे बक्षीस लागू झाले. आईला कोणी बजावले नव्हते की हळूहळू खाऊ काढून त्या जागी दुसरे काही आणायचे असते. दोष आईचा नाही. अर्धी पद्धत शिकवून तिला घरी सोडले, हा दोष शिकवणाऱ्यांचा.

हालचालीचे गणित साधे आहे. ही मुले सांघिक खेळांत फारशी नसतात. तोल, स्नायूंचा ताण आणि हातापायांचा मेळ यांत अनेकांना अडचण असते. त्यांचा व्यायाम व्यायामाच्या नावाने होत नसे. शाळेचे जिने, ऑक्युपेशनल थेरपीतला झोका, पोहण्याचा तलाव, बसथांब्यापर्यंतचे चालणे यातून तो होत असे. ते सगळे एकदम गेले. राहिल्या पलंगावरच्या उड्या. त्या उड्यांवर खालच्या मजल्यावरून तक्रार आली, कारण खाली ऑफिसची मीटिंग चालू होती. निर्बंध सैल झाल्यावरही अनेक मुले घरातच राहिली, कारण मास्क. कानामागची रबरी दोरी आणि नाकावरचा दमट कपडा ज्याला क्षणभर सोसत नाही, त्याला मुंबईच्या रस्त्यावर न्यायचे तर दोनशे रुपये दंडाची भीती आणि त्याहून अधिक लोकांच्या नजरांची.

बाहेरच्या देशांत या बाबतीत थोडे बरे घडले. स्पेनने मार्च २०२० मध्येच स्वमग्न व्यक्तींना सोबत्याबरोबर बाहेर पडण्याची मुभा दिली. तरी गॅलऱ्यांत उभे असलेले लोक या मुलांवर ओरडू लागले, तेव्हा काही कुटुंबांनी ओळख म्हणून दंडाला निळी पट्टी बांधली. त्यावरही वाद झाला. आपल्या मुलाने खूण मिरवत का फिरावे, असे विचारणारे पालक होते आणि त्यांचे म्हणणे मला पटते. इंग्लंडने कायदेशीर आव्हानानंतर ८ एप्रिलला दिवसातून एकदाच बाहेर पडण्याची अट या लोकांसाठी सैल केली. फ्रान्सने २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता दिनी, तशीच सवलत जाहीर केली. दिवसाला दोनदा चालायला मिळणे हा काहींसाठी औषधोपचाराइतका महत्त्वाचा भाग आहे, हे त्या सरकारांना पंधरा-वीस दिवसांत मान्य करावे लागले.

आता औषधांकडे येतो. प्रस्तावनेतला हा भाग थोडा लांबेल, पण माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. स्वमग्नतेवर औषध नाही. मात्र तीव्र चिडचिड, स्वतःला इजा करणे, दुसऱ्याला मारणे यांवर रिस्पेरिडोन वापरले जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये त्याला या कारणासाठी मान्यता दिली, २००९ मध्ये अरिपिप्राझोलला. रिस्पेरिडोनचा पाया घालणारा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०१ मुले होती. औषधाने चिडचिड निश्चित कमी झाली. पण आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी २.७ किलोने वाढले, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचे ०.८ किलोने. हे औषध मेंदूतल्या भुकेशी संबंधित काही संदेशांच्या आड येते, त्यामुळे पोट भरल्याचे कळणे मंदावते. ज्या मुलाला आपली भूक आणि आपले पोट यांची जाणीव आधीच अंधूक आहे, त्याच्यावर हा परिणाम दुप्पट जाचतो.

टाळेबंदीत काय झाले ते आता जुळवून पाहा. दिनक्रम मोडला म्हणून चिडचिड वाढली. चिडचिड वाढली म्हणून औषध सुरू झाले किंवा मात्रा वाढली. २५ मार्च २०२० ला, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला घेणे सर्रास सुरू झाले. ही सोय नसती तर हजारो कुटुंबांचे हाल झाले असते, यात शंका नाही. पण पडद्यावर डॉक्टरला मुलाचा चेहरा दिसतो, वजन दिसत नाही. अशा औषधांच्या बाबतीत सुरुवातीला, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी वजन घ्यावे, बाराव्या आठवड्याला रक्तातली साखर आणि चरबी तपासावी, असे अमेरिकन मधुमेह संघटना आणि मानसोपचारतज्ज्ञांनी २००४ मध्येच सांगून ठेवले आहे. ते सगळे राहिले. चिठ्ठी मात्र महिन्यामागून महिना पुढे सरकत राहिली. औषध बंद करा, असे मी म्हणत नाही आणि कोणी स्वतःच्या मनाने बंद करूही नये. न मोजता चालू ठेवू नका, एवढेच.

मोजायला मुले आणली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बऱ्याच मुलांच्या मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा जाड, काळपट पट्टा. आया ओशाळून सांगत, "रोज घासते डॉक्टर, उटणं लावलं, लिंबू लावलं, जातच नाही." तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनला दाद मिळेनाशी झाली की कातडीवर ती खूण उमटते. पुढच्या मधुमेहाची ती आगाऊ सूचना आहे. ज्या मुलाला अंग घासलेले सहन होत नाही, त्याची मान दोन वर्षे खरवडली जाते. हे टाळण्यासाठी तरी हे पुस्तक घराघरांत पोचावे.

आपल्याकडे या धोक्याची पातळी मुळात खाली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे २००४ सालचे छायाचित्र वैद्यकजगतात प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. म्हणून भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या तक्त्यांत जादा वजनाची रेघ प्रौढांच्या २३ बीएमआयशी आणि लठ्ठपणाची २७ शी जोडलेली आहे. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा या तक्त्यांत मोठा वाटा आहे. परदेशी तक्त्यावर 'ठीक आहे' म्हणून सुटणारे मूल या तक्त्यावर सापडते. महासाथीच्या आधीचेही एक चित्र नोंदवून ठेवतो : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात स्वमग्न मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण २२.२ टक्के आणि इतर मुलांच्या तुलनेत जोखीम ४१ टक्क्यांनी जास्त आढळली होती. करोना आला तो या पायावर.

आता डाएट चार्टविषयी. गुबगुबीत स्वमग्न मूल दिसले की नातेवाइकांपासून जिमवाल्यापर्यंत सगळे एकच सांगतात : भात बंद, गोड बंद. या मुलांच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. ज्याच्या यादीत एकूण सहाच पदार्थ आहेत, त्यातले दोन काढले तर चार उरतात, सातवा आपोआप येत नाही. आणि एकदा यादीतून गेलेला पदार्थ बहुतेक वेळा परत येत नाही. अंगाने भरलेले मूल आतून कुपोषित असू शकते. फळे-भाज्या मुळीच न खाणाऱ्या स्वमग्न मुलांत हिरड्यांतून रक्त येणारा, पाय दुखून चालणे थांबवणारा स्कर्व्ही आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दुसरे टोक म्हणजे गहू आणि दूध पूर्ण बंद करण्याचा आहार. टाळेबंदीत व्हॉट्सॲपवरून तो घरोघरी पोचला. त्यामागचा पुरावा कमकुवत आहे. प्रत्यक्षात काय होते, तर पोळी आणि दही जाते आणि त्यांच्या जागी बटाट्याचे वेफर्स आणि साबुदाणा येतो. वजन वाढते, कॅल्शियम घटते.

मग काम कशाने होते? हळूहळू, आणि वेळापत्रकाच्या वाटेनेच. ज्या हट्टाने खाऊच्या वेळा पक्क्या झाल्या, तोच हट्ट चालण्याच्या वेळा पक्क्या करायला उपयोगी पडतो. साडेचारचे पाकीट काढायचे नाही. साडेचारला आधी जिने उतरायचे, मग पाकीट, असा क्रम लावायचा, आणि पुढे पाकीट लहान करत जायचे. नवा पदार्थ ताटात नको, शेजारच्या वाटीत ठेवायचा. आज पाहायचा, पुढच्या आठवड्यात बोट लावायचे, चाखायचा कधी ते मुलाने ठरवायचे. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी महासाथीतच पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून स्वमग्न मुलांना हालचालीचे छोटे कार्यक्रम देऊन पाहिले आणि मुलांची हालचाल वाढली. याला महागडे उपकरण लागत नाही. औषधाने वाढलेल्या वजनावर मेटफॉर्मिन काही मुलांना उपयोगी पडते, असे २०१६ च्या एका अभ्यासात दिसले आहे. तो निर्णय डॉक्टरांनी मुलाला समोर पाहून घ्यायचा.

या पुस्तकाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. यातली बहुतेक घरे शहरांतली आहेत, तिथे निदान झालेले आहे आणि थेरपी परवडत होती. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एक मूल स्वमग्न आढळले होते. त्यांतली बरीच मुले अशा गावांत आहेत, जिथे या शब्दाचा अर्थ सांगणारा माणूस तालुक्यातही सापडत नाही. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसांबरोबर ती दोन वर्षे काढलेल्या मुलांची कहाणी अजून कोणी लिहिलेली नाही. ती लिहिली जाईल तेव्हा तिचा रंग वेगळा असेल. तिथे वजन वाढलेच असेल असे नाही, कदाचित घटलेलेही असेल.

भाषेबद्दल या पुस्तकाच्या लेखिकांचे कौतुक केले पाहिजे. मुलाला 'ढोल्या', 'गोलू' म्हणणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांना त्यांनी कडक शब्दांत थांबवले आहे. न बोलणाऱ्या मुलालाही हे शब्द कळतात.

वाचकांना एक विनंती. पुस्तक वाचून संपण्याची वाट पाहू नका. मुलाची उंची, वजन आणि कमरेचा घेर याच आठवड्यात मोजा. काट्यावर उभे राहायला मूल घाबरत असेल, तर तुम्ही त्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहा आणि स्वतःचे वजन वजा करा. उचलणे जमत नसेल, तर काटा चार दिवस त्याच्या खेळण्यांत ठेवा. आकडे तारीख घालून शेवटच्या पानावरच्या तक्त्यात लिहा. औषध चालू असेल, तर पुढच्या भेटीत तो तक्ता डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि साखरेची तपासणी शेवटची कधी झाली होती, ते विचारा.